बायकोला एएमएल निघालाय, ॲडमिट आहे. मी नक्की काय करायला पाहिजे?

कृष्णाकाठचा

रात्रीचे पावणेतीन वाजलेत, वॉर्डच्या बाहेर लिफ्टजवळच्या खुर्चीत बसून टाईप करतोय, चुका असतील तर समजून घ्या.

माझी बायको, वय ३८, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आम्ही सांगलीकडचे. दिवाळीनंतर हिच्या हिरड्या सुजायला लागल्या, ब्रश केला की रक्त, जिना चढला की धाप. आम्हाला वाटलं शाळा, वरून सर्वेक्षणाची कामं, त्यात हिचे उपवास, अशक्तपणा असेल. दोन महिने मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या मीच आणून देत होतो. शेवटी दाताच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी तोंड बघितलं, दंडावरचे निळे डाग बघितले आणि म्हणाले हे दाताचं नाही, मी हात लावणार नाही, आधी खाली लॅबमध्ये जाऊन सीबीसी करा. संध्याकाळी लॅबवाल्याचाच फोन आला. पांढऱ्या पेशी ८४ हजार, हिमोग्लोबिन ६, प्लेटलेट २२ हजार. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून पुणे. बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी केली, एएमएल म्हणाले, म्हणजे ब्लड कॅन्सर. हा शब्द ऐकल्यावर पुढचं डॉक्टर काय बोलले ते मला काहीच आठवत नाही, सही कुठं करायची तेवढं विचारलं.

किमो सुरू होऊन आज बारावा दिवस. सात दिवस सायटाराबिन चोवीस तास पंपावर होतं आणि त्यातले पहिले तीन दिवस सोबत ते लाल औषध. लघवी लाल झाली तेव्हा मी ओरडत सिस्टरकडे पळालो, त्या म्हणाल्या औषधाचाच रंग आहे, सांगायचं राहिलं. आता औषध संपलंय पण काउंट खाली गेलेत, प्लेटलेट ९ हजार, एएनसी (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळपास शून्य. काल रात्री १०१ ताप. तोंडात फोड, थुंकी गिळतानापण डोळ्यातून पाणी येतं. डॉक्टर म्हणतात हे असंच होतं, काउंट वर यायला अजून दोन आठवडे जातील. होत असेल, पण बघवत नाही.

मुलगा नऊ वर्षांचा, तिकडं माझ्या आईकडं आहे. त्याला मम्मीला टायफॉईड झालाय असं सांगितलंय.

आता विचारायचं ते असं. एक, ही मला रोज विचारते, "अहो खरं सांगा, मी वाचते का?" मी म्हणतो काही होणार नाही, तू फक्त स्ट्राँग राहा. असं म्हटलं की ती भिंतीकडं तोंड करते. मग काय बोलायचं? दोन, नातेवाईक. माझे चुलते चुलती सांगलीहून शहाळी घेऊन आले, आत सोडलं नाही म्हणून रुसून गेले, आता गावभर झालंय की मी भेटू देत नाही. मेहुणा मात्र चांगलाय, प्लेटलेट द्यायला उद्या येतोय. तीन, मी बारा दिवस झोपलो नाही धड. हॉस्पिटलजवळ खोली घेतलीय पण तिथं गेलो की अपराध्यासारखं वाटतं. आणि चार, मला ह्यातलं काहीच येत नाही हो. घरात हिनंच सगळं बघितलंय. पोराचा डबा भरतानापण मला विचारावं लागतं पोळी किती.

ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी सांगा. मी नक्की काय करायला पाहिजे?

---

संथपाऊस

दादा, आधी एक तातडीचं. मेहुणा म्हणजे तिचा सख्खा भाऊ ना? मग त्याला उद्या प्लेटलेट देऊ देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर सगळ्यात आधी सख्ख्या भावाबहिणींचीच एचएलए टेस्ट (पेशी जुळतात का ते बघायची) होते, आणि जो डोनर होऊ शकतो त्याचं रक्त पेशंटला आधी चढवायचं नसतं, तिचं शरीर त्याच्या पेशींविरुद्ध तयार होऊन बसतं. आमच्या दिरांनी असंच प्रेमापोटी रक्त द्यायला दंडावर पट्टी बांधून घेतली होती, ब्लड बँकेतल्या बाईंनी फॉर्मवर नातं वाचलं म्हणून वाचलो.

माझ्या नवऱ्याला एएमएल होता, चार वर्षं झाली. इंडक्शन (आत्ता तुमचं चाललंय ते), मग हाय डोस किमोचे दोन राउंड, मग दिरांचा मॅच जुळला म्हणून ट्रान्सप्लांट. एका भावंडाचा पूर्ण मॅच जुळायची शक्यता चारात एक असते, आमचं नशीब. नाही जुळला तरी आता अर्ध्या मॅचवरपण करतात, आईवडील, मूल, कोणीही चालतं, त्यामुळे त्याची काळजी आत्तापासून नको. आणि सगळ्यांना ट्रान्सप्लांट लागतोच असंही नाही, ते जनुकांच्या रिपोर्टवर ठरतं, तो यायला वेळ लागतो.

तुम्ही काय करायचं विचारताय तर सांगते. एक दोनशे पानी वही घ्या. आजच. तारीख, ताप किती वाजता किती, काउंट, कुठली अँटिबायोटिक कधी सुरू कधी बंद, रक्ताच्या पिशव्या किती लागल्या, राउंडला कोण डॉक्टर आले काय म्हणाले. डॉक्टर राउंडला चार मिनिटं असतात आणि त्या चार मिनिटांत आपल्याला एकही प्रश्न आठवत नाही, म्हणून प्रश्न रात्रीच लिहून ठेवायचे. माझ्या वहीमुळे एकदा एक औषध दोनदा द्यायचं टळलंय.

ताप १००.४ म्हणजे सिस्टरला सांगायचं, रात्री तीन वाजले असले तरी. आणि पुढे घरी सोडतील तेव्हा तर हे भिंतीवर लिहून ठेवा, एएनसी ५०० च्या खाली असताना ताप म्हणजे तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे, सकाळी बघू हा प्रकार नाही. स्वतःच्या मनाने क्रोसिन द्यायची नाही, ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं.

नातेवाईकांचं. एक व्हॉट्सॲप ग्रुप काढा, त्यात फक्त तुम्ही किंवा मेहुणा लिहिणार, बाकीच्यांना लिहायची सोय बंद. रोज संध्याकाळी दोन ओळी. "आज ताप नाही. प्लेटलेट दिल्या. भेटायला येऊ नये ही डॉक्टरांची सूचना." डॉक्टरांच्या नावावर खपवा हो सगळं, डॉक्टर बिचारे कशाला येतायत तुमच्या चुलत्यांना तोंड द्यायला. आणि शहाळं सध्या नकोच, हॉस्पिटलच्या डाएटिशियननी सांगितलं तेवढंच. आम्हाला कच्चं सगळं बंद होतं, कोशिंबीर, वरून भुरभुरवलेली कोथिंबीर, दही, बाहेरची चटणी. फळं जाड सालीची, तीपण घरी धुऊन सोलून. फुलांचे गुच्छ तर दारातच अडवायचे.

खोलीवर इंडक्शन शेगडी आणि छोटा कुकर घ्या, तीन लिटरचा. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, लापशी. कुकर उघडला की तासाभरात खायचं, उरलेलं तुम्ही खायचं. डबा भरता येत नाही म्हणालात ना, आठ दिवसांत येईल.

आणि झोपा. मेहुण्याला दोन रात्री द्या. पंप रात्री पीं पीं करायला लागला की धावत जाण्यात माझेपण बारा चौदा दिवस गेले, तेराव्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये चक्कर येऊन पडले आणि नवऱ्याच्या वॉर्डमधल्या सिस्टर माझं बीपी घेत बसल्या.

---

गुलबक्षी

मी स्वतः पेशंट होते. २०१९. माझा एएमएलमधलाच एक वेगळा प्रकार, एपीएल म्हणतात, त्याला व्हिटॅमिन ए पासून बनलेल्या गोळ्या आणि आर्सेनिकची इंजेक्शनं चालतात. हो, आर्सेनिकच, जुन्या कथांमध्ये सोमल म्हणून घालायचे ते. आज ठणठणीत आहे. तुमच्या मिसेसचा प्रकार वेगळा आणि औषधंही वेगळी, त्यामुळे माझं उदाहरण देऊन तिला "बघ ती बरी झाली" वगैरे सांगू नका प्लीज.

संथपाऊसताईंनी सगळं कामाचं सांगितलंय, मी कॉटवरून कसं दिसतं ते सांगते.

"स्ट्राँग राहा" बंद करा. मला दिवसातून दहा जण हे सांगायचे आणि प्रत्येक वेळी वाटायचं की म्हणजे आता रडायचीपण चोरी. ती विचारते मी वाचते का, तेव्हा तिला आकडा नको असतो, तुम्हाला पण भीती वाटतेय का हे तिला बघायचं असतं. माझ्या नवऱ्याने एकदा, एकदाच, सांगितलं की मला माहीत नाही गं, मलाही धडकी भरलीय, पण डॉक्टर ह्या महिन्यात मॅरो परत करून सांगणार आहेत तोपर्यंत आपण दोघं इथंच आहोत. मी त्या रात्री पहिल्यांदा झोपले. तोपर्यंत मला वाटत होतं ह्या माणसाला काही कळतच नाहीये.

दुसरं, डॉक्टरांशी दाराबाहेर जाऊन कुजबुजू नका. काचेतून दिसतं सगळं. डॉक्टर मान हलवतायत, नवरा चष्मा काढून पुसतोय, आणि आत येऊन म्हणतो "काही नाही, रूटीन". मी त्या काचेवरून स्वतःचे अंत्यसंस्कारापर्यंतचे सीन तयार केले होते आणि नंतर कळलं की विषय डिपॉझिटचा चालला होता! जे बोलायचं ते तिच्यासमोर बोला. शिक्षिका आहे ना ती, तिला कळतं.

मुलाला टायफॉईड सांगितलंय ते आजच दुरुस्त करा. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, तिला आम्ही आई कामाला बाहेरगावी गेलीय सांगितलं होतं. ती महिनाभर धरून बसली होती की तिने माझ्या ओढणीवर शाई सांडली म्हणून मी रागावून निघून गेले. मुलांना नाव सांगितलेलं चालतं. मम्मीच्या रक्तात वाईट पेशी झाल्यात, त्या मारायचं औषध चालू आहे, त्याने केस जातील, हे कोणाच्या स्पर्शाने होत नाही आणि कोणाच्या मस्तीमुळेही झालेलं नाही. एवढंच. नाहीतर शाळेत कोणीतरी त्याला सांगणारच, आणि तिच्याच क्षेत्रातली शाळा म्हटल्यावर शिक्षकांच्या ग्रुपवर आत्तापर्यंत गेलंही असेल.

केस. गळायला लागायच्या आधीच तिला विचारून मशीनने बारीक करून घ्या, वस्तरा नको, प्लेटलेट कमी असताना कापलं तर थांबत नाही. विचारून मात्र. काही जणींना शेवटपर्यंत ठेवायचे असतात, तो तिचा प्रश्न. उशीवर केसांचे पुंजके सापडणं मला टकलापेक्षा जास्त लागलं होतं.

अजून एक, जे बहुतेक कोणी तुम्हाला सांगणार नाही आणि तीही लाजून सांगणार नाही. प्लेटलेट ९ हजार असताना पाळी आली तर रक्तस्राव खूप होऊ शकतो. पाळी थांबवायचं इंजेक्शन किंवा गोळ्या असतात, दिल्यात का ते डॉक्टरांना सरळ विचारा. नवऱ्याने विचारायला काय झालं. तसंच संडासला कुंथावं लागू नये, मऊ होण्याचं औषध मागून घ्या. पाय चेपून देताय का? हळूच, नुसता हात ठेवा, जोर दिला की निळे डाग उठतात. दात घासायचा ब्रश एकदम मऊ, फार दुखत असेल तर नुसत्या गुळण्या, त्या मात्र चुकवायच्या नाहीत.

आणि गप्प बसायला शिका. हे पुरुषांना सगळ्यात अवघड जातं असं माझं मत आहे, काहीतरी दुरुस्त करायला मिळालं तरच त्यांना बरं वाटतं.

---

आयुर्मित्र७७

दादा घाबरू नका. पपईच्या पानांचा रस सकाळ संध्याकाळ दोन चमचे द्या, प्लेटलेट आठ दिवसांत लाखावर जातात, आमच्या शेजारी डेंग्यूच्या पेशंटला स्वतः दिलाय. सोबत गव्हांकुर. किमोने शरीर पोखरतं. आणि आता मुंबईच्या आयआयटीवाल्यांनी कॅन्सरवर नवीन ट्रीटमेंट काढलीय, एका डोसमध्ये काम, त्याची चौकशी करा.

---

रक्तपिशवी

@आयुर्मित्र७७ कृपा करून हे इथे लिहू नका. मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, सतरा वर्षं. डेंग्यूमध्ये काही दिवसांनी प्लेटलेट आपल्या आपण वर येतात, पपई दिली तरी आणि नाही दिली तरी. ह्या ताईंची गोष्ट वेगळी आहे, त्यांचा मॅरोच किमोने मुद्दाम रिकामा केलाय, प्लेटलेट बनवणारा कारखानाच बंद आहे. आणि एएनसी शून्य असलेल्या माणसाला कच्च्या पानांचा रस पाजणं म्हणजे माती पाजण्यासारखं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटाची ती ट्रीटमेंट म्हणजे कार-टी (पेशंटच्याच पेशी बदलून परत देतात ती), २०२३ मध्ये मान्यता मिळाली, अभिमानाची गोष्ट आहेच, पण ती बी-सेलच्या, म्हणजे एका ठराविक प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरसाठी आहे. एएमएलसाठी नाही. हे फॉरवर्ड वाचून माझ्याकडे लोक येतात म्हणून एवढं लिहितोय.

@कृष्णाकाठचा, तुमच्या कामाचं. मेहुण्याबद्दल ताईंनी बरोबर सांगितलंय, शंभर टक्के. सख्खे नातेवाईक सोडून मित्र, सहकारी, शाळेतले शिक्षक ह्यांची यादी करा. दहा नावं तरी. तुम्हाला लागणार एसडीपी, म्हणजे एकाच दात्याच्या हातातून रक्त मशीनमध्ये घेऊन फक्त प्लेटलेट काढतात आणि बाकीचं रक्त त्यालाच परत. साधारण दीड तास. दाता १८ ते ६० वयाचा, वजन ५० च्या वर, त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर, मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, शिरा चांगल्या पाहिजेत (ह्यावर सगळ्यात जास्त लोक बाद होतात, उगाच पाच जण गाडी करून येतात आणि दोघंच चालतात). म्हणून आधी सगळ्यांची तपासणी एका दिवशी करून ठेवा आणि मग एकेकाला बोलवा. एकाच दिवशी सगळ्यांकडून घेऊन ठेवू असं डोक्यात आणू नका, प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्याही फ्रिजमध्ये नाही, २२ डिग्रीच्या आसपास सतत हलत्या ट्रेवर. लोक मला विचारतात बर्फात घालून सांगलीहून आणू का. नाही. बर्फात घातल्या की वाया.

दिलेल्या प्लेटलेट दोन तीन दिवसांत उतरतात, तिला तापही आहे म्हणजे अजून लवकर. त्यामुळे काल दिल्या आणि आज परत ११ हजार म्हणून हातपाय गाळू नका. आणि दात्याला नीट खायला घालून पाठवा, उपाशीपोटी येऊन चक्कर येऊन पडणारे तरुणच जास्त असतात.

---

नाव_नको

मी फारसं लिहीत नाही इथे. माझी पत्नी ह्याच आजाराने गेली. इंडक्शन चांगलं झालं होतं, आठ महिन्यांनी परत उलटला. तुमचं तसं होईल असं नाही, म्हणून लिहू की नको विचार करत होतो.

वहीबद्दल. मीपण ठेवली होती. एक्सेल पण केली होती, काउंटचे ग्राफ सकट. डॉक्टरसुद्धा माझ्या फाईलचं कौतुक करायचे, रंगीत फ्लॅग लावलेली. इन्शुरन्सवाले, ब्लड बँक, बिलिंग, औषधांची दुकानं, मी दिवसभर ह्या खिडकीतून त्या खिडकीत. ती एकदा म्हणाली, बसा ना जरा. मी म्हटलं आलोच, कॅशलेसचं अप्रूव्हल अडकलंय. असं बऱ्याचदा झालं.

फाईल अजून कपाटात आहे. त्यातलं एक अक्षर मला लागत नाही आता.

मेहुणा चांगला आहे म्हणताय तर वही त्याला द्या. खिडक्या त्याला द्या. तुम्ही आत बसा.

---

संथपाऊस

@नाव_नको, दादा, तुमचं वाचून थांबले बराच वेळ. मी वर सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकली ते चुकलंच माझं. माझ्याकडे सासरे होते खिडक्यांसाठी, ते विसरून लिहिलं मी.

---

जिना_नंबर_३

पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून पटकन. मॅडम जिल्हा परिषदेत आहेत ना, मग वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते. डिस्चार्ज समरी आणि बिलं मूळ प्रत, प्रत्येक बिलावर डॉक्टरांची सही शिक्का, औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा. एकपण कच्ची पावती घेऊ नका. मंजूर व्हायला वेळ लागतो, गटशिक्षणाधिकारी कार्यालयात ओळखीचा शिक्षक धरा जो फाईलच्या मागे फिरेल. महात्मा फुले योजना आता पांढऱ्या कार्डवाल्यांनापण आहे, ५ लाखांपर्यंत, पण हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि सगळ्या गोष्टी बसत नाहीत, तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. दोन्हीकडून एकच बिल मागता येणार नाही हे लक्षात ठेवा. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर दहा टक्के खाटा गरीब रुग्णांना मोफत आणि दहा टक्के सवलतीत असतात, उत्पन्नाची अट आहे, मॅडमचा पगार बघता बसणार नाही पण कोणा दुसऱ्या वाचणाऱ्याला उपयोग होईल. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यायचा. पुढे तपासणीला ये-जा करावी लागेल तेव्हा लागेल.

मुंबईला हलवायची वेळ आलीच तर परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, दोन्हीकडे पेशंट आणि नातेवाईकांची राहायची सोय असते, जागा मिळायला वेळ लागतो, आधी चौकशी. माझ्या वडिलांसोबत मी दादरला पाच महिने काढलेत. तिथे ओळखी झालेल्या लोकांचे अजून फोन येतात.

---

कृष्णाकाठचा

सगळ्यांना एकदमच लिहितो. आज एकोणिसावा दिवस.

मेहुण्याला त्याच पहाटे फोन केला, तो टोलनाक्यापर्यंत आला होता. प्लेटलेट दिल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले बरं झालं विचारलंत, तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं नेटवर. त्यांनी पहिल्यांदा नेटबद्दल चांगलं तोंड केलं. शाळेतले नऊ जण तपासून ठेवले, सहा चालले. हिच्या केंद्रप्रमुखांचं वजन ४८ भरलं, ते फार नाराज झाले.

पाळीच्या इंजेक्शनचं विचारलं. दिलं होतं आधीच. पण सिस्टर हसल्या, म्हणाल्या विचारणारे नवरे कमी असतात.

मुलाला मी आणि हिनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला मग टायफॉईड बरा झाला का? त्याला वाटलं दोन्ही झालेत. मग विचारलं, टक्कल दाखव. हिनं रुमाल काढून दाखवलं. तो हसला आणि आजीच्या मागं जाऊन बसला, नंतर आई सांगत होती रात्री उशिरापर्यंत जागा होता. पण आता रोज शाळेतनं आला की फोन करतो आणि पहिला प्रश्न "काउंट किती?" असा असतो.

गुलबक्षीताई, तुम्ही सांगितलं तसं मी तिला सांगितलं की मला माहीत नाही आणि मला झोप लागत नाही. ती म्हणाली, दिसतंय की, दाढी बघा. मग रडलो दोघंपण. मास्कमधून रडणं फार अवघड आहे, नाक पुसता येत नाही.

आता वहीचं. @नाव_नको, दादा, तुमचं मी दोनदा वाचलं आणि वही मेहुण्याला द्यायला काढली. ही म्हणाली काय आहे ते बघू. पानं उलटली, आणि माझ्याकडं लाल पेन मागितला. मी सायटाराबिन तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलं होतं, ते तिनं गोल करून दुरुस्त केलं, समासात "तारीख?" असं लिहिलं. तेव्हापासून वही तिच्याकडंच आहे. ताप ती स्वतः लिहिते, ज्या दिवशी हात थरथरतो त्या दिवशी ती सांगते मी लिहितो, आणि राउंडला प्रश्न तीच विचारते, नंबर घालून. मेहुणा खिडक्या बघतो. मी बसतो. पहिले दोन दिवस बसणं जमेना, तिनं मला शेंगा सोलायला बसवल्यासारखं केलं, म्हणाली मोबाईल ठेवा आणि नुसते बसा.

ताप परवापासून नाही. पांढऱ्या पेशी आज ६००. तोंडातले फोड बसतायत, काल पहिल्यांदा मऊ भात गेला, आणि म्हणाली अळणी आहे. ठेचा पाहिजे म्हणतेय. चालतो का हो?

---

संथपाऊस

फोड पूर्ण बसल्यावर, आणि कच्चा नाही. मिरची लसूण तेलात चांगली परतून मग कुटायची, खलबत्ता उकळत्या पाण्यातून काढून. तोपर्यंत तुपात जिऱ्याची फोडणी द्या भाताला, अळणी लागणार नाही. डाएटिशियनना विचारूनच सगळं.

आणि वही ठेवा तिच्याचकडे, पुढच्या राउंडला लागेलच. हाय डोस सायटाराबिन देतात तेव्हा डोळ्यात थेंब घालायचे असतात वेळच्या वेळी, आणि आमच्याकडे सिस्टर प्रत्येक डोसच्या आधी ह्यांना कागदावर सही करायला लावायच्या. त्या औषधाने लहान मेंदूवर परिणाम झाला तर अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो, म्हणून रोजची सही कालच्या सहीशी ताडून बघतात. तिचं अक्षर तिथं रोज असलं तर फरक लगेच कळेल.

---

कृष्णाकाठचा

हे तिला वाचून दाखवलं. म्हणाली म्हणजे मस्टरच की. मग मला विचारते, रविवारची पण सही करायची का.

बी पॉझिटिव्ह एसडीपी गुरुवारी एक लागेल असं वाटतंय. @रक्तपिशवी, सहातले दोघं मागच्या आठवड्यात देऊन गेलेत, त्यांना परत बोलवलं तर चालेल ना?

---

रक्तपिशवी

चालेल. ४८ तासांच्या पुढं परत देता येतात, पण त्यांचा काउंट आधी बघतील. जेवून पाठवा.